मुलांच्या उंचीवरची थंडी

डिसेंबर उजाडला की पेपरात रोज एक चौकट येते: पुण्याचं किमान तापमान इतके अंश. हा आकडा नेमका कुठल्या हवेचा? जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. जगभर साधारण अशीच पद्धत आहे, नाहीतर एका गावचा आकडा दुसऱ्या गावाशी ताडून कसा पाहणार? सव्वा मीटर म्हणजे मोठ्या माणसाची छाती. तीन वर्षांचं मूल त्या पेटीखालून मान न वाकवता पलीकडे जाईल. ते ज्या हवेत वावरतं, त्या हवेचं तापमान पेपरात छापून येतच नाही.

ती हवा खरोखरच वेगळी असते. आणि हे पहिल्यांदा ठामपणे दाखवून देणाऱ्या मोजमापांत पुण्याचा मोठा वाटा आहे.

हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं. ज्या इमारतीत ते आलं तिला पुणेकर अजूनही सिमला ऑफिसच म्हणतात. तिथे डॉ. एल. ए. रामदास काम करायचे. ते सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. त्यांच्याकडे शेतीच्या हवामानाचं काम आलं, आणि पिकं तर जमिनीलगत वाढतात. म्हणून रामदासांनी सव्वा मीटरवर समाधान न मानता थेट जमिनीपासून वर, थोड्या थोड्या अंतरावर तापमान मोजायला सुरुवात केली. आकाश निरभ्र, वारा पडलेला, खाली उघडी माती, अशा रात्री. सगळ्यांची समजूत अशी की रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, म्हणजे सगळ्यात गार जमीनच असणार आणि वर जावं तसं ऊबदार होत जाणार. मोजमापं काही वेगळंच सांगत होती. सगळ्यात गार थर जमिनीवर नव्हताच. तो जमिनीच्या वर होता, वीतभर ते हातभर उंचीवर, आणि तिथली हवा मातीपेक्षा काही अंशांनी जास्त गार होती. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी 1932 साली हे प्रसिद्ध केलं.

बाहेरच्या शास्त्रज्ञांना ते बरीच वर्षं पटलं नाही. मोजण्यात चूक झाली असणार, असा सूर होता. पुढे राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच मोजमापं घेतली आणि 1957 साली तोच निष्कर्ष काढला. मग 1990 च्या दशकात बंगळूरमध्ये रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णतेच्या प्रारणाचं गणित मांडून या थराचा उलगडा करून दाखवला. अलीकडच्या प्रयोगांतून असं दिसतं की हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचाही यात हात आहे. ते कण रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतीची हवा गार करतात. जगभरच्या हवामानशास्त्रात आज या थराला रामदास थर म्हणतात.

आता टेप घेऊन घरातल्या लहान मुलाजवळ उभं राहा. वर्षाचं मूल पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास, तीन वर्षांचं पंचाण्णवच्या. हा थर आपल्या गुडघ्याखालून निघून जातो आणि मुलाच्या पोटरीपासून पोटापर्यंत पोहोचतो. पहाटे बाळाला घेऊन कोणी उघड्या मैदानावर उभं राहिलं, तर एका हाताच्या अंतरावर दोन वेगळी हवामानं असतात: कडेवरचं आणि खाली सोडल्यावरचं. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून टेकडीवर मुलाचं बोट धरून चालणारी माणसं पाहिली की वाटतं, ही दोघं एकाच जागी आहेत, पण एकाच हवेत नाहीत.

सूर्य वर आला की चित्र पालटतं. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य वर्षातला सगळ्यात उशिरा, सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं, आणि जमीन तिच्यावरच्या हवेला. त्यामुळे ऊब खालून वर चढते. नऊ-साडेनऊला उघड्या मातीवर मुलाच्या पायांशी, गुडघ्यांशी ऊब आलेली असते, आणि आपले कान मात्र अजून गार असतात. आपण म्हणतो, ‘स्वेटर काढू नकोस रे’, आणि तोवर त्याने तो काढून फेकलेला असतो. त्याचं बरोबर असतं.

पण हे सगळं पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याबद्दल लिहायचं, तर सकाळच्या हवेची दुसरी बाजूही सांगायला हवी. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची त्यामानाने ऊबदार राहते. गार हवा खालीच बसते, वर जात नाही. पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात ती उतारावरून घरंगळत येऊन साठते. आणि तिच्यात जे जे सोडलं जाईल ते तिथेच अडकतं: पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कंटेनरांचा धूर, चाकणच्या तळेगाव चौकातली धूळ, वॉचमनच्या शेकोटीत जळणारा टायरचा तुकडा, कुणीतरी पेटवलेला कचरा. निगडीच्या दुर्गा टेकडीवरून डिसेंबरात सकाळी सातला खाली पाहिलं तर हा धूर सपाट पट्ट्यासारखा पसरलेला दिसतो, वरच्या बाजूला रेघ ओढल्यासारखा. ती रेघ म्हणजे गार हवेची हद्द.

म्हणून इथल्या मुलांना पहाटे धुक्यात नेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही, दमा असलेल्या मुलाला तर मुळीच नेऊ नये. ऊन जमिनीला तापवून ती खालची हवा ढवळून वर उचलेपर्यंत थांबावं. रेघ पुसट होते, समोरची इमारत स्पष्ट दिसायला लागते, तेव्हा निघावं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेची हवा मोजणारी केंद्रं भोसरी, निगडी आणि आळंदीलाही आहेत. त्यांचे आकडे मोबाईलवर मिळतात, निघण्याआधी बघून घेता येतात.

निघायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती सर्दीची. आजी म्हणते, थंडी बाधेल. तिच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडतं, हे साधं भूमितीचं काम आहे. बारा किलोच्या मुलाच्या शरीराचं पृष्ठफळ अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त, साठ किलोच्या माणसाचं दीडपेक्षा थोडं जास्त. म्हणजे वजन पाचपट झालं तरी कातडी तिपटीच्या आसपासच वाढली. दर किलोमागे मुलाची कातडी दीडपटीहून जास्त भरते, आणि उष्णता कातडीतूनच जाते. म्हणून एका जागी बसवलेलं मूल कुडकुडतं. तेच मूल पळायला लागलं की स्नायूंतून इतकी उष्णता निघते की जाड स्वेटरात त्याला घाम फुटतो, आणि घामाने ओले झालेले कपडे मग खरंच बाधतात. आत सुती, वर पटकन निघेल असं एक लोकरीचं, कानांना टोपी, एवढं पुरतं. हात गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेमागे हात लावून पाहायचा. ती ऊबदार असली की मूल मजेत आहे.

सर्दी होते ती विषाणूंमुळे. गार हवेने नाकाचा बचाव थोडा मंदावतो असं काही प्रयोगांत दिसलं आहे, पण विषाणू यावा लागतोच, आणि त्याला दारं-खिडक्या लावलेली, माणसांनी भरलेली खोली सगळ्यात सोयीची. मोकळ्या माळावर मुलाला सर्दी देणार कोण?

माळावर पोहोचल्यावर पहिली गोष्ट दिसते ती दव. गवताच्या पात्यावर पसरलेले बारीक थेंब हवेतून आलेले: रात्री पातं हवेपेक्षा गार झालं आणि हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसली. पण पात्याच्या अगदी टोकावर एक मोठा, टपोरा थेंब असतो, तो बहुधा हवेतला नसतोच. तो गवताने स्वतः बाहेर टाकलेला असतो. रात्री मुळं पाणी ओढतच राहतात, पानांची छिद्रं मिटलेली असल्याने ते पाणी वाफ होऊन उडत नाही, आणि टोकाशी असलेल्या खास छिद्रांतून थेंबाच्या रूपात बाहेर येतं. एकाच पात्यावर आकाशातलं पाणी आणि मातीतलं पाणी शेजारी शेजारी! मुलाला हा फरक सांगावा लागत नाही. ते आपसूक टोकावरचा मोठा थेंबच बोटावर घेतं.

याच पट्ट्यातल्या टेकड्यांवर, घोरावडेश्वरच्या वाटेला किंवा चाकणजवळच्या भामचंद्र डोंगराच्या उतारावर, दिवाळीनंतर कुसळी गवत वाळून तांबूस होतं. त्याची कुसळं मोज्यांत, पँटच्या कडांत, ओढणीत घुसतात आणि घरी येऊन धुण्याच्या बादलीपाशी आईच्या तोंडून काय काय निघतं. पण त्यातलं एक कुसळ फेकून देण्याआधी मुलाच्या तळहातावर ठेवून पाहा.

खाली बारीक, टोकदार, तपकिरी बी. त्या बीवर उलट्या दिशेचे ताठ केस, म्हणजे आत शिरेल पण बाहेर निघणार नाही अशी सोय. वर सात-आठ सेंटिमीटर लांब, काळपट, ताठ तंतू. तंतूचा खालचा भाग दोरीला असतो तसा पीळ घेतलेला आणि पुढे कोनात वाकलेला. त्या पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा. दवाचा असेल तर उत्तम. काही क्षण काहीच होत नाही. मग तंतू हलतो. पीळ सुटायला लागतो आणि वाकलेलं टोक हवेत हळूहळू गोल फिरतं. मेलेल्या, वाळलेल्या काडीचा तुकडा तळहातावर वळतो आहे, आणि दोन वर्षांचं मूल श्वास रोखून बघतं आहे. ऊन लागून काडी वाळली की तोच तंतू उलटा फिरतो आणि पीळ पुन्हा बसतो.

यात जीव नाही, स्नायू नाही, बॅटरी नाही. तंतूच्या पेशींच्या भिंतींतले धागे तिरके गुंडाळलेले असतात. पाणी मिळालं की त्या भिंती फुगतात, पण धाग्यांच्या दिशेने त्यांना लांबता येत नाही, म्हणून सगळा तंतू वळतो. बी जमिनीवर पडलं, वाकलेलं टोक शेजारच्या काडीला किंवा खड्याला अडलं, की तंतू फिरायच्या ऐवजी खालचं बीच फिरतं. रात्री दवाने एका दिशेला, दिवसा उन्हाने दुसऱ्या दिशेला, आणि उलट्या केसांमुळे प्रत्येक फेरीला थोडं आणखी खाली. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर जे काम वीज करते, ते इथे थंडीतल्या दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक करतो. हा फरक आपल्याकडे मोठा असतो: पहाटे दहा-अकरा अंश आणि दुपारी एकोणतीस-तीस, हे डिसेंबरात नेहमीचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीवर वणवा लागतो, वरचं सगळं गवत जळून जातं, आणि मातीत रुतलेलं बी वाचतं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने 1876 साली असल्याच स्वतःला पेरून घेणाऱ्या बियांवर शोधनिबंध लिहिला होता. तो वाचायला मिळाला तर जरूर वाचावा, पण त्याआधी कुसळ तळहातावर घ्यावं.

हे दाखवताना एक काळजी घ्यायची: कुसळाचं टोक डोळ्याजवळ जाऊ द्यायचं नाही, आणि मुलाला पूर्ण लांबीची पँट घालायची. दगड उचलायचा तर काठीने, हाताने नाही, खाली विंचू असू शकतो. पाचोळ्याच्या ढिगात पाय घालण्याआधी काठी आपटायची, कारण घोणशीचा हा मिलनाचा काळ असतो आणि सकाळी ती उन्हाला येऊन पडते. एवढं सांभाळलं की माळ मुलाच्या स्वाधीन करायला हरकत नाही.

कोरड्या, भुसभुशीत मातीत एखाद्या भिंतीच्या आडोशाला नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे दिसतात, प्रत्येक अगदी गोल. तळाशी मातीत दडून एक किडा बसलेला असतो. मुंगी कडेवरून घसरली की तो खालून मातीचे कण उडवून तिला आणखी खाली पाडतो. त्या खड्ड्याच्या बाजूंचा उतार मुद्दाम तेवढाच ठेवलेला असतो, ज्यापेक्षा जास्त झाला तर माती आपोआप ढासळेल. खडीच्या ढिगाचा, सिमेंटच्या वाळूचा उतारही असाच स्वतःहून ठरतो, आणि बांधकामाच्या जागी वाढणारी मुलं त्या वाळूवर खेळताना हे रोज हाताने शिकत असतात. गवताच्या काडीने खड्ड्याची कड हलकेच खरवडली, तर किडा मुंगी समजून माती उडवतो. चार वर्षांचं मूल यापुढे अर्धा तास हलत नाही.

याच उघड्या मातीवर धोबी पक्षी चालत असतो. उड्या मारत नाही, पावलं टाकत चालतो, शेपटी वर-खाली करत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो हिमालयाच्या बाजूने, त्याच्याही पलीकडून इथे येतो आणि कंपनीच्या गेटसमोरच्या हिरवळीवर, पवनेच्या घाटावर, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशी निर्धास्त फिरतो. त्याच्यासोबत कृष्ण थिरथिराही येतो, भिंतीच्या कडेवर बसून शेपटी थरथरवणारा. झाडावरचा पक्षी लहान मुलाला दिसतच नाही, बोट दाखवूनही ते भलतीकडे बघतं. धोबी मात्र त्याच्या डोळ्यांसमोर जमिनीवर असतो. पक्षीनिरीक्षणाची सुरुवात याच्यापासून करावी.

पिंपरी-चिंचवडमधल्या तेव्हाच्या टेल्को कारखान्याच्या आवारात तिथले प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी हजारो झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं, आणि थंडीत तिथे पाणपक्षी उतरतात. मोटारी घडवणाऱ्या माणसाला कारखान्यात तळं हवंसं वाटलं, याचं मला फार मोल वाटतं. तसंच काही शेजारच्या बालवाडीच्या अंगणात असावं असं वाटणारा कोणी या पट्ट्यात पुढे यावा.

अंगणाचा विषय निघाला की ताराबाई मोडकांकडे जावं लागतं. अनुताई वाघांना सोबत घेऊन 1945 साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणारी मुलं अंगणातही सापडत नव्हती, तेव्हा शाळा कुरणात नेली: कुरणशाळा. माँटेसोरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले आले. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. युरोपात डेन्मार्कमध्ये रानातल्या बालवाड्या 1950 च्या दशकात सुरू झाल्या, आज त्यांचं जगभर कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याकडे तेव्हा कोसबाडला वारली मुलं गुरांमागे फिरता फिरता शिकत होती. सरकारची अंगणवाडी 1975 पासून आली, ती या कल्पनेचंच नाव घेऊन. आज पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी बालवाड्यांना अंगण नाही. एखाद्या इमारतीचा तळमजला, बाहेर पार्किंग. नव्या सोसायट्यांत जागा आहे, पण तिथे स्लॅबवर प्लॅस्टिकची हिरवळ आहे. तिच्या टोकांवर मुळांनी ओढलेलं पाणी येत नाही, तिच्यात किडा खड्डा करत नाही, आणि दुपारी ती पाय भाजतील इतकी तापते.

माती नसली तर काय बिघडतं, यावर फिनलंडमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पाळणाघरांत खडीच्या अंगणावर जंगलातली माती, शेवाळ आणि खुरटी झुडपं आणून अंथरली. मुलं त्यात रोज खेळली. अवघ्या 28 दिवसांत त्यांच्या कातडीवरच्या जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणांत फरक पडला. 2020 साली तो प्रसिद्ध झाला.

उन्हाबद्दल मात्र एक समज दुरुस्त करावा लागेल. कोवळ्या उन्हात बाळाला शेकवायचं, त्याने ड जीवनसत्त्व मिळतं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो आहोत. कोवळं ऊन ऊब देतं, बाळाला छान झोप आणतं, पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण त्यात फार थोडे असतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना ते किरण हवेच्या लांब वाटेत गाळले जातात. सोपी परीक्षा सावलीची: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन या कामाचं. पिंपरीत 22 डिसेंबरला सूर्य भर दुपारी क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, सावली उंचीच्या नऊ-दशांश. त्या दिवशी सावली आपल्यापेक्षा आखूड राहते ती फक्त साडेअकरा ते दीड-पावणेदोनच्या दरम्यान. मुलाची सावली खडूने आखून ठेवली आणि दर तासाला पुन्हा आखली, तर हे सगळं खगोलशास्त्र त्याच्या पायाशी उतरतं. थंडीतलं बाराचं ऊन सोसवतंही. एप्रिलमध्ये त्याच वेळेला कोण बाहेर काढेल?

धुराचा इथेही संबंध येतो. दिल्लीतल्या मोरी गेट या प्रदूषित भागातली आणि गुडगावच्या स्वच्छ हवेतली नऊ ते चोवीस महिन्यांची मुलं तपासणारा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व सरासरीने दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होतं. धुरकट आकाश ते किरण वरच अडवतं. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे विसरून चालणार नाही.

डोळ्यांना मात्र सकाळचं ऊनही चालतं, सावलीही चालते. घरात दिवा लावून जो उजेड पडतो तो काही शे लक्स. बाहेर झाडाच्या सावलीतही तो त्याच्या कितीतरी पट. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर ठेवून तीन वर्षं पाहिलं. बाहेर न नेलेल्या शाळांत 39.5 टक्के मुलांना लघुदृष्टी आली, बाहेर नेलेल्या शाळांत 30.4 टक्के मुलांना. औषध नाही, यंत्र नाही, चाळीस मिनिटं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे बोरन्हाण चालतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि पाटावर बसवलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, तिळाच्या रेवड्या. शेजारची पोरं त्यावर झडप घालतात. थंडीत शिवारात जे जे पिकतं ते सगळं एका दिवशी मुलाच्या अंगावरून ओतायचं, यापेक्षा ऋतूची चांगली ओळख कुठली? अलीकडे त्यात चॉकलेटं आणि चिप्सची पाकिटं शिरली आहेत. मला वाटतं, ती बाजूला ठेवावीत आणि बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी मुलाला घेऊन खरंच शिवारात जावं.

ते शिवार अजून आहे. आंबेठाण, वासुली, भांबोलीच्या बाजूला कंपन्यांच्या भिंतींना लागून कांदा आणि हरभऱ्याची वावरं दिसतात. सकाळी हरभऱ्याच्या पानावर बोट फिरवा आणि जिभेला लावा: आंबट. ती आंब. हरभऱ्याच्या अंगावर बारीक केस असतात आणि त्यांच्या टोकांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, दवात मिसळतं. घाटेअळीची वाढ त्याने खुंटते, म्हणजे ही झाडाची स्वतःची फवारणी. जुनी माणसं पहाटे वावरावर धुतलेलं फडकं अंथरून ते दवाने भिजवायची, पिळून आंब बाटलीत भरायची आणि पोट दुखलं की द्यायची. फक्त वावर कोणाचं आहे ते विचारून आत जावं, आणि औषध मारलंय का हेही विचारावं. मारलं असेल तर चाखायचं नाही, पानं नुसती हुंगायची. शेतकरी बहुतेक वेळा एक डहाळा उपटून हातात देतोच, आणि मूल घाटे सोलायला बसतं. घाटा फोडायला चिमटीत नेमका जोर लागतो. तीन वर्षांच्या बोटांना तो साधायला वेळ लागतो, आणि साधला की थांबवणं अवघड होतं.

पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता, तो विक्रम अजून मोडलेला नाही. तशी थंडी आता पडत नाही, आणि जी पडते ती थोडे दिवस. रथसप्तमी उलटली की दव कमी होतं, फेब्रुवारीअखेर हरभरा वाळून सोंगणीला येतो आणि त्याची आंब जाते, मार्च-एप्रिलमध्ये धोबी परत निघतात. त्यानंतर नऊ वाजताची माती अनवाणी पायांना सोसवत नाही, आणि बाहेर खेळायची वेळ सरकून सकाळी सातवर येते.